‘धूलागड, उभे’ : एका ट्रकचालक कुटुंबाचं प्रकरण

नाशिक जिल्ह्यातल्या कांदापट्ट्यातलं हे प्रकरण आमच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात २०२४च्या फेब्रुवारीत आलं. अर्ज बायकोचा होता. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. पंधरा-वीस दिवसांनी घरी येतो, एक-दोन रात्री राहतो, पुन्हा जातो. पैसे पुरत नाहीत, फोनवर धड बोलत नाही, काही विचारलं की चिडतो, आणि बाहेर कुठेतरी दुसरं बिऱ्हाड असावं असा संशय. अशा अर्जांत बहुतेक वेळा पोटगी मागितलेली असते, नाहीतर नवऱ्याला समज द्या म्हटलेलं असतं. हिची मागणी वेगळी होती. "ह्यांनी गाडी सोडावी, एवढं लिहून घ्या."

घरच्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. केंद्राच्या रजिस्टरमध्ये या प्रकरणाची नोंद ‘संशय व आर्थिक वाद’ अशी झाली. ती वाचून कुणालाही खरं दुखणं कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिणं भाग आहे. भांडण नवरा-बायकोत लागलं होतं, पण त्याचं मूळ ट्रकच्या फेरीचा हिशेब कसा होतो, यात होतं.

तो ४६ वर्षांचा, ती ४१. घरात सासू, बारावीतली मुलगी, नववीतला मुलगा. वाटणीत आलेली दीड एकर जमीन, विहीर धाकट्या दिरासोबत सामाईक. हंगामात ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते, तेव्हा रोज ३०० रुपये. बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर, त्याचा हप्ता चुकवून चालत नाही. तो बारा टायरच्या गाडीवर. शेठच्या मिळून तीन गाड्या. पिंपळगाव किंवा लासलगावहून कांदा भरायचा, धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर करत कोलकात्याला न्यायचा, येताना रायपूरच्या सिलतरा भागातून सळई नाहीतर मिळेल तो माल आणायचा. जायचे अठराशे किलोमीटर, यायचे तेवढेच.

पहिल्या बैठकीला ती भावाबरोबर आली आणि पुरावा म्हणून पिशवीतून एक वही काढली. मुलीची जुनी भूगोलाची वही. मागच्या कोऱ्या पानांवर तिने नवऱ्याच्या प्रत्येक फोनची नोंद ठेवली होती. तारीख, गाव, आणि एक-दोन शब्द. ‘७ डिसेंबर. अकोला. जेवले.’ ‘९ डिसेंबर. रायपूरच्या पुढे. घाईत.’ मग १२ डिसेंबरला ‘धूलागड, उभे’. १३ला ‘धूलागड, उभे’. असं १७ तारखेपर्यंत, रोज तेच दोन शब्द, शेवटच्या दोन दिवशी पेन जोरात दाबल्यामुळे मागच्या पानावर उमटलेले. धूलागड म्हणजे हावड्याजवळचं ट्रक टर्मिनल. कोलकात्यात अवजड गाड्यांना दिवसा प्रवेश नसतो, म्हणून गाड्या बाहेर थांबतात आणि रात्री आत जातात. एका रात्रीचं थांबणं तिला समजत होतं. "मॅडम, एकाच जागी सहा दिवस माणूस कशाला थांबेल?" दिराने आगीत तेल ओतलं होतं. त्याचा एक मित्र म्हणे ड्रायव्हर होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

मी वही ठेवून घेतली आणि तारखा पाहिल्या. ६ डिसेंबरला गाडी भरली होती. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, भाव कोसळले. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण त्याचा त्या दोन शब्दांशी संबंध असेल हे तिच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं. माल जुन्या, चढ्या भावाने घेतलेला आणि कोलकात्यात पोहोचेपर्यंत बाजार खाली आलेला. तिथल्या व्यापाऱ्याने ठरल्या भावाने माल उतरवायला नकार दिला. इथला व्यापारी भाव तोडायला तयार नाही. दोघांची फोनाफोनी सहा दिवस चालली आणि तेवढे दिवस माल गाडीत. गाडीला थांबण्याचं भाडं नाही, ड्रायव्हरला थांबण्याची मजुरी नाही, मग घाई कोणाला असणार? त्याच आठवड्यात घरचा दीड एकरातला लाल कांदाही मातीमोल गेला. एकाच आदेशाने या घराची दोन्ही टोकं पेटली होती.

दुसऱ्या बैठकीला तो आला. फेरीवरून उतरून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दारातच म्हणाला, "ताई, मला समज द्यायची असेल तर लवकर द्या, सात वाजता गाडी भरायला लागायची." त्याच्यासमोर मी वही उघडून ठेवली. बायको आपला एकेक फोन लिहून ठेवते हे त्याला माहीत नव्हतं. बराच वेळ त्याने पानं उलटली. मग टेबलावरचं पेन उचललं आणि प्रत्येक ‘उभे’पुढे कारण लिहायला घेतलं. ‘सौदा तुटला.’ ‘व्यापारी आला नाही.’ ‘हमाल सुट्टी.’ ‘रिटर्न भाडं नाही.’ एका ठिकाणी ‘डिझेल राखत बसलो’. ती शेजारून वाचत होती. "हे मला फोनवर का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "काय सांगायचं? उभा आहे म्हटलं की तू पैशाचं विचारतेस. आणि उभ्या गाडीला पैसे नसतात."

त्यानंतर तो जे बोलला त्यातून त्याच्या कामाचं चित्र उभं राहिलं. लाल कांद्यात पाणी जास्त, तो उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही. गाडीत हवा खेळती राहावी म्हणून फाळक्याच्या फटी मोकळ्या ठेवायच्या, ताडपत्री वरच्यावर बांधायची. दर थांब्याला उतरून तो गोण्यांच्या थप्पीत कोपरापर्यंत हात घालतो. आत ऊब लागली की समजायचं, माल तापायला लागला. पाऊस आला तर ताडपत्री पूर्ण ओढावी लागते आणि मग कांद्याला घाम सुटतो. पोहोचल्यावर जो माल सडका निघेल ती घट व्यापारी भाड्यातून कापतो, शेठ ती ड्रायव्हरच्या हिशेबात टाकतो. उभ्या गाडीत सडलेला कांदाही त्यातच.

उभं राहणं म्हणजे विश्रांती, असा बाहेरच्यांचा समज असतो. मलाही हे नव्यानेच कळलं की ड्रायव्हर सगळ्यात कमी झोपतो तो तिथेच. रात्री टाकीतलं डिझेल चोरीला जातं, ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या जातात. डिझेलचं ॲव्हरेज शेठने ठरवून दिलेलं; जास्त लागलं किंवा चोरीला गेलं तरी ते ड्रायव्हरच्या अंगावर. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा, आळीपाळीने झोपता यायचं. या गाडीवरचा क्लीनर लॉकडाउननंतर परत आलाच नाही आणि शेठने दुसरा ठेवला नाही. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असण्याची अट २०१८ साली निघाली, त्यामुळे दुसरा ड्रायव्हरही नाही. सहा रात्री अर्धवट झोप, मग बुडालेले दिवस भरून काढायला परतीला रात्रीचा दिवस. त्या फेरीत परत येताना गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीच्या अलीकडे पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी साइडपट्टी सोडून खाली उतरली. कुणाला काही झालं नाही. दुरुस्तीचा खर्च त्याच्याच नावावर पडला. ही गोष्ट बायकोला त्या दिवशी, माझ्यासमोर, पहिल्यांदा कळली.

तिने मग स्वतःचं सांगितलं. १ जानेवारी २०२४ला ट्रकवाल्यांचा संप झाला तेव्हा तिने टीव्हीवर ऐकलं होतं की नव्या कायद्यात अपघात करून पळून गेलं तर दहा वर्षं शिक्षा. ते कलम सरकारने तेव्हा रोखून धरलं आणि १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हाही ते बाजूला ठेवलं, पण तिच्या मनातली भीती काही थांबली नाही. गाडी सोडायचं लिहून घ्या, या मागणीमागे संशय होता त्याहून ही धास्ती मोठी होती. संशय सांगायला सोपा, धास्ती सांगितली तर सासू म्हणते अभद्र बोलू नको.

आणखी एक जखम दोघांनीही टाळली होती, ती सासूने तिसऱ्या बैठकीत उघडी केली. ऑगस्ट २०२३ मध्ये सासरे वारले. तो तेव्हा भरल्या गाडीसह ओडिशात होता. गाडी वाटेत सोडता येत नाही, आत कुणाचा तरी वीस टन माल. कोलकात्याला माल उतरवून, गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करून तो रेल्वेने घरी आला तेव्हा पाचवा दिवस होता. अग्नी धाकट्याने दिला. सावडणंही होऊन गेलं होतं. दहाव्याला त्याने केस दिले, जेवणावळीचा सगळा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला, धाकट्याला एक रुपया देऊ दिला नाही. दवाखान्याचं बिल आणि हा खर्च मिळून शेठकडून १,२०,००० रुपये उचल घेतली. भावकीत तरीही बोललं गेलंच, "थोरला असून पाणी पाजायला नव्हता." हे सांगताना सासूच्या बोलण्यात मुलाबद्दल राग नव्हता. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवसापासून हा घरात आला तरी पाहुण्यासारखा बसतो." बायकोला जो अबोला बाहेरच्या बाईमुळे वाटत होता, तो तिथून सुरू झाला होता.

आता हिशेब. वहीतल्या नोंदी आणि त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या आम्ही एकत्र मांडल्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून ३ फेब्रुवारीपर्यंत ८० दिवस. त्यात चार फेऱ्या. रस्त्यावर आणि भरण्या-उतरवण्यात ४७ दिवस, नुसतं उभं राहण्यात २७, घरी ६. महिन्याचा पगार नाही, फेरीला ठोक ९,००० रुपये, म्हणजे ३६,०००. त्यातून उचलीपोटी फेरीला २,५०० प्रमाणे १०,००० गेले, घटीचे ४,२००, डिझेलचे १,८००. हातात आले २०,०००. वाटेतलं जेवण फेरीसाठी हातात मिळणाऱ्या खर्चीतून भागतं, ते वेगळं. दिवसाला २५० रुपये झाले. मी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा कुणी काही बोललं नाही. मुलगी म्हणाली, "आईला कांदा निवडायचे तीनशे मिळतात."

तेव्हा कायदा नव्हता असं नाही. १९६१च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला. लांब पल्ल्यासाठी फार तर दहा तास आणि ५४ तास. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. तीन गाड्या, तीन ड्रायव्हर, क्लीनर एकही नाही, असा शेठ त्यातून आपोआप बाहेर. अपघातात ड्रायव्हर जखमी झाला किंवा दगावला तर तेव्हाच्या १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याने एका गाडीच्या मालकावरही जबाबदारी येत होती. ही गोष्ट तिघांपैकी एकाही ड्रायव्हरला माहीत नव्हती. गाडीच्या पॉलिसीत पगारी चालकाच्या जबाबदारीचा हप्ता वेगळा दाखवलेला असतो. आम्ही पॉलिसी मागून पाहिली, तो भरलेला होता. या घराला प्रकरणातून मिळालेली ही पहिली चांगली बातमी.

शेठला भेटायला आम्ही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. माणूस वाईट म्हणता येणार नाही. स्वतः वीस वर्षं गाडी चालवलेला, दोन गाड्यांवर कर्ज. त्याने त्याची फाइल पुढे केली. दलाल भरताना भाड्याचा मोठा भाग देतो, बाकी पोच पावती आल्यावर. कितीतरी पोचा जमा करूनही बाकी अडकलेली. निर्यात बंद झाल्यावर बंदराकडे जाणाऱ्या गाड्याही देशातल्या भाड्यांमागे लागल्या, त्यामुळे भाडं पडलं, असं त्याचं म्हणणं. "मला हॉल्टिंग, गाडी उभी राहिल्याचं भाडं, कोण देतं? मिळालं तर देईन ना." त्याचा प्रश्न खरा होता. पण त्याने न मिळालेलं हॉल्टिंग जसंच्या तसं ड्रायव्हरवर ढकललं होतं आणि ड्रायव्हरच्या खाली ढकलायला फक्त त्याचं घर होतं. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो चिडला, मग चहा मागवला.

इथे एक गोष्ट मला राहून राहून खुपते. पिंपळगावच्या आवारात जो हमाल ही गाडी भरतो त्याच्यामागे १९६९चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, लढे दिले, त्यातून मंडळं आली. नोंदीत हमालाला भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, रजेचा पगार, सगळं मजुरीवर भरल्या जाणाऱ्या लेव्हीतून. तीच गोणी हमालाच्या पाठीवरून गाडीत पडली की पुढचे अठराशे किलोमीटर तिच्याबरोबर जाणाऱ्या माणसामागे कुणीही नाही. हमाल रोज सकाळी एका आवारात भेटतात, एकमेकांची तोंडं पाहतात, काम बंद केलं तर बाजार अडतो. ड्रायव्हर आपल्याच गाडीच्या केबिनमध्ये एकटा, आज अकोल्यात, उद्या रायपुरात. त्याची एकजूट करणं अवघड आहे हे मला मान्य आहे. अशक्य आहे हे मान्य नाही. धूलागडसारख्या तळांवर रोज शेकडो ड्रायव्हर उभे असतात. सरकारचा एक माणूस तिथे रजिस्टर घेऊन बसला तरी कोण किती दिवस फुकट उभा राहिला हे लिहिलं जाईल. आज ते फक्त एका बाईच्या वहीत लिहिलेलं आहे.

दोन चकरांनंतर साध्या कागदावर करार झाला. खाली करायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ड्रायव्हरला ४०० रुपये. दोन फेऱ्यांनंतर चार दिवस घरी. घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण आलं तर जवळच्या मोठ्या शहरात गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि त्याची सोय शेठने करायची. घटीचं कलम मात्र शेठने लिहू दिलं नाही. उभ्या गाडीतली घट ड्रायव्हरवर टाकणार नाही, असं तोंडी कबूल केलं. तोंडी गोष्टीवर माझा विश्वास नाही, पण त्याहून पुढे तो सरकला नाही.

उचलीचा हप्ता २,५००चा १,५०० करून घेऊ, म्हणजे घरात थोडे जास्त येतील, असं मी सुचवलं. बायकोने नकार दिला. ती म्हणाली, हप्ता कमी केला की उचल लांबते आणि उचल आहे तोवर हे शेठला नाही म्हणू शकत नाहीत. हप्ता तेवढाच ठेवा आणि उभं राहण्याचे जे मिळतील तेही उचलीतच वळते करा. घर मी चालवते. करारातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तिचं आहे, आणि ते तिने सही करायच्या पाच मिनिटं आधी घालायला लावलं.

मुलीचा प्रश्न त्या वर्षभर टांगलेला होता. आजी सोयरीक आणत होती, मुलीला नर्सिंग करायचं होतं, आणि प्रत्येक वेळी ‘बाप आल्यावर बघू’ म्हणून विषय बंद. चार दिवसांच्या पहिल्या मुक्कामात तो विषय निघाला. त्याने आईला समोर बसवून सांगितलं की दोन वर्षं स्थळ आणायचं नाही. मुलीला पुढे जी.एन.एम.ला प्रवेश मिळाला. मुलगा सुट्टीत क्लीनर म्हणून येतो म्हणत होता, त्याला मात्र त्याने साफ नकार दिला, आणि बाप-लेकांत त्यावरून अजून धुसफूस आहे.

दिवाळी २०२४पर्यंतची स्थिती अशी. करारानंतर १४ फेऱ्या झाल्या. त्यात उभं राहण्याचे ३१ दिवस मोजण्यात आले, पैसे २४ दिवसांचे मिळाले, ९,६०० रुपये. चार दिवसांची सुट्टी प्रत्येक वेळी पाळली गेली नाही. एका फेरीत घट पुन्हा त्याच्या नावावर पडली, त्याने वही दाखवून निम्मी सोडवली. शेठने बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, ‘खाली करण्यास दोन दिवस’ असं लिहून मागायला सुरुवात केली. एक दलाल तयार झाला, बाकीच्यांनी दुसरी गाडी लावली. पाठीचं दुखणं आहे तसंच. डोळे तपासले, जवळचा चष्मा लागला. देवरीची गोष्ट कळल्यापासून बायको मध्यरात्रीनंतर फोन आला तर एकच विचारते, गाडी कडेला लावली का.

उचल करारावेळी १,०२,५०० होती, आता ५७,९०० राहिली. पुढच्या दिवाळीच्या आसपास ती फिटेल असा तिचा अंदाज आहे. फिटल्यावर काय, यावर दोघांचं एकमत नाही. तिचं म्हणणं, गाडी सोडून गावातच ट्रॅक्टर चालवावा. त्याचं म्हणणं, पैसे कमी मिळाले तरी नाशिक ते न्हावाशेवा कंटेनरवर जाईन, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येता येईल. आमच्याकडचं प्रकरण आम्ही बंद केलेलं नाही. पुढची बैठक उचल फिटल्यावर, दोघांच्या विनंतीवरून ठेवली आहे. वही ती अजून लिहिते. आता त्यात ‘उभे’ शब्दापुढे कारणाचा रकाना आहे आणि तो फोनवर स्वतःहून कारण सांगतो.